मोहोर पाहून घेतलेली बाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बँक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पासबुक येते, मुदत ठेवीची पावती येते, काउंटरपलीकडचा कॅशियर येतो. आज ज्या बँकेविषयी बोलायचे आहे तिथे यातले काहीच नसते. तिथे तुमचे-माझे खाते निघत नाही. तिला इन्व्हेस्टमेंट बँक म्हणतात. वर्तमानपत्रे 'गुंतवणूक बँक' असे भाषांतर करतात, पण त्यातून फारसा बोध होत नाही. कारण या बँकेची मुख्य कमाई स्वतः पैसे गुंतवण्यातून येत नाही, दुसऱ्यांचे व्यवहार जुळवून देण्यातून येते. मला विचाराल तर तिचे काम बाजार समितीतल्या अडत्यासारखे आहे. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा. भाव ठरवायचा, सौदा जमवायचा आणि आपली अडत कापून घ्यायची. एखाद्या कंपनीला लोकांकडून भांडवल उभारायचे असेल तर शेअर काय भावाने विकावा हे ही बँक सांगते आणि गिऱ्हाईकही गोळा करते. एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असेल तर किंमत किती, पैसे कुठून आणायचे, करारात कोणत्या अटी घालायच्या, हेही तीच पाहते. अमेरिकेत मध्यम आकाराच्या भागविक्रीत या बँकांची अडत वर्षानुवर्षे ठरल्यासारखी ७ टक्के राहिली आहे. आपल्याकडे अडत किती आणि कोणाकडून घ्यायची यावर मोर्चे निघतात. तिकडे अर्थशास्त्रज्ञांनी यावर निबंध लिहिले, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या औषधाच्या गोळीशी काय संबंध? संबंध असा, की गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत नवे औषध कोण शोधतो, कोण बनवतो आणि त्याची किंमत काय लागते, या तिन्ही गोष्टींवर या अडत्यांचा हात पडला आहे.

कोकणातल्या लोकांना एक व्यवहार चांगला ठाऊक आहे. हापूसची बाग पुष्कळदा फळ धरण्याआधीच जाते. व्यापारी येतो, झाडांवरून नजर फिरवतो, मोहोर किती आणि कसा आहे ते पाहतो आणि सौदा करतो. पुढे अवकाळी पाऊस आला, तुडतुडा पडला, मोहोर गळला तर ते त्याचे नशीब. फळ भरघोस लागले तर बागवाला हात चोळत बसतो. जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या नेमक्या अशाच विकल्या जातात, मोहोर पाहून.

याची सुरुवात १९८० साली झाली. त्या वर्षी अमेरिकेत दोन-तीन गोष्टी जुळून आल्या. जून महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवंत जिवाणूवर पेटंट घेता येते, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेल खाऊन टाकणारा तो जिवाणू घडवणारे शास्त्रज्ञ होते आपल्या बंगालचे आनंदमोहन चक्रवर्ती. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठांना सरकारी पैशातून केलेल्या संशोधनाचे पेटंट स्वतःकडे ठेवण्याची मुभा देणारा बे-डोल कायदा झाला. आणि मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९८० रोजी, जेनेन्टेक नावाच्या कंपनीचे शेअर बाजारात आले.

जेनेन्टेक १९७६ साली रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण भांडवलदार आणि हर्बर्ट बॉयर हे प्राध्यापक यांनी काढली. सुरुवातीला दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले होते. १९७८ मध्ये तिने जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेतले. पण शेअर विकायला निघाली तेव्हा तिचे एकही औषध दुकानात नव्हते. तरीही ३५ डॉलरला विकलेला शेअर तासाभरात ८८ डॉलरपर्यंत चढला. ते इन्शुलिन बाजारात यायला पुढे आणखी दोन वर्षे गेली, आणि ते विकले तेही इलाय लिली या जुन्या कंपनीने. बाजाराला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळली. औषध नसले तरी औषधाची शक्यता विकता येते.

शक्यतेची किंमत काढायची कशी? याचे गणित बँकांकडे असते आणि ते कागदावर तरी सोपे आहे. समजा, एक नवा रेणू सापडला. सर्व चाचण्यांतून तरून तो दहा वर्षांनी बाजारात आला तर त्याची किंमत १००० कोटी रुपये होईल. दहा वर्षांनंतरचे १००० कोटी म्हणजे आजचे १००० कोटी नव्हेत. वर्षाला १२ टक्के दर धरला तर ते आजचे साधारण ३२२ कोटी होतात. आणि माणसांवरील चाचण्यांत शिरलेल्या दहा औषधांपैकी एखादेच शेवटपर्यंत पोहोचते असा अनुभव आहे. तेव्हा त्या ३२२ कोटींचा दहावा हिस्सा, म्हणजे ३२ कोटी, ही आजची किंमत. यातून चाचण्यांचा खर्च आणखी वजा करायचा, तो तूर्त सोडून देऊ.

आता सहा वर्षे पुढे या. औषध दोन टप्पे पार करून तिसऱ्या, शेवटच्या टप्प्यात आले आहे. बाजारात यायला चार वर्षे उरली आहेत आणि यशाची शक्यता निम्म्याच्या आसपास आली आहे. तेच गणित पुन्हा केले तर किंमत येते ३१८ कोटी. म्हणजे एकही गोळी न विकता, एक रुपयाही न कमावता कंपनीची किंमत दहापट झाली! तिच्या मालकांनी ती याच वेळी विकली तर त्यांना कारखाना बांधावा लागत नाही, विक्री प्रतिनिधी नेमावे लागत नाहीत, डॉक्टरांच्या दारात उभे राहावे लागत नाही. अनेक कंपन्या निघतात त्या मुळी या बेतानेच.

विकणारे असे तयार झाले, पण घेणारे का तयार झाले? जुन्या औषध कंपन्यांची रीत वेगळी होती. मोठी प्रयोगशाळा घरचीच, शेकडो रसायनशास्त्रज्ञ पगारावर, आणि नवे औषध त्यांच्याच हातून यायचे. आपल्या मुंबईतही त्याचे नमुने होते. गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते, १९६३ साली त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. मुलुंडला हेक्स्टचे केंद्र होते. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या रीतीला ग्रहण लागले. संशोधनावरचा खर्च वाढत गेला, नवी औषधे मात्र त्या प्रमाणात येईनात. आणि जुन्या, भरपूर खपणाऱ्या औषधांची पेटंटे एकामागून एक संपत आली.

फायझरचे लिपिटॉर घ्या. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी ही गोळी, ऐन भरात असताना वर्षाला सुमारे १३ अब्ज डॉलरची विक्री. मुळात हे औषध वॉर्नर-लॅम्बर्टचे. फायझरने २००० साली ती कंपनीच विकत घेतली. त्याची जागा घेईल अशी ज्याच्यावर आशा होती ते टॉर्सेट्रॅपिब नावाचे औषध डिसेंबर २००६ मध्ये शेवटच्या चाचणीत कोसळले. औषध घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसले. लिपिटॉरचे अमेरिकेतील पेटंट ३० नोव्हेंबर २०११ ला संपले आणि त्याची पहिली स्वस्त नक्कल तिथे आणायला पुढे होती आपली रॅनबॅक्सी. त्याच वर्षी फेब्रुवारीत फायझरने इंग्लंडमधील सँडविच या गावातले आपले संशोधन केंद्र सोडण्याची घोषणा केली. व्हायग्राचा जन्म तिथलाच. २४०० माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. ज्या कंपनीने २००० ते २००९ या काळात तीन महाकाय कंपन्या खरेदी केल्या, तिने स्वतःची प्रयोगशाळा बंद करावी यात विसंगती वाटेल. पण हिशेबनिसाला ती वाटत नाही. घरी शेती करण्यापेक्षा बाजारातून धान्य आणलेले स्वस्त पडते, असा तो हिशेब आहे.

आता ज्या सौद्याकडे मला मुख्यतः तुमचे लक्ष वेधायचे आहे तिकडे येतो.

हेपटायटिस सी हा यकृताचा विषाणुजन्य आजार. रक्तावाटे पसरतो, वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि शेवटी यकृत निकामी करतो किंवा कर्करोग आणतो. जुना उपचार इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा, अनेकदा जवळजवळ वर्षभराचा. ताप, अंगदुखी, निराशेचे झटके इतके की कित्येक रुग्ण तो अर्धवट सोडून देत. आणि पुरा केला तरी गुण येईलच असे नाही. अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातील संशोधनातून फार्मासेट नावाची छोटी कंपनी निघाली. नावातच 'फार्मा' आणि 'ॲसेट' म्हणजे मालमत्ता हे दोन शब्द आहेत, तेव्हा हेतूबद्दल शंका नको. २००७ मध्ये ती शेअर बाजारात आली. तिथल्या मायकेल सोफिया या रसायनशास्त्रज्ञाच्या चमूने एक रेणू तयार केला. विषाणू आपल्या प्रती काढतो ती प्रक्रियाच तो रोखून धरतो. पुढे त्याला सोफोसबुवीर हे नाव मिळाले, ते सोफियांच्याच नावावरून.

२१ नोव्हेंबर २०११ रोजी गिलियड सायन्सेस या कॅलिफोर्नियातील कंपनीने फार्मासेट घेत असल्याचे जाहीर केले. किंमत ११ अब्ज डॉलर. तेव्हाच्या दराने पन्नास हजार कोटी रुपयांच्या वर. फार्मासेटमध्ये शंभरही माणसे नव्हती. विकायला एकही औषध नव्हते. गिलियडने प्रत्येक शेअरला १३७ डॉलर देऊ केले, म्हणजे आदल्या शुक्रवारच्या भावापेक्षा ८९ टक्के जास्त. गिलियडच्या बाजूने बार्कलेज आणि बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंच, फार्मासेटच्या बाजूने मॉर्गन स्टॅनली असे सल्लागार होते. गिलियडचे स्वतःचे बाजारमूल्यच तेव्हा ३० अब्ज डॉलरच्या आसपास होते. म्हणजे घराची एक तृतीयांशाहून अधिक किंमत घालून शेजारची मोहोरलेली बाग घ्यायची, त्यासाठी कर्जही काढायचे! बाजाराला हा वेडेपणा वाटला. त्या दिवशी गिलियडचा शेअर ९ टक्क्यांच्या आसपास घसरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तर चाचणीतील एका छोट्या गटात औषध थांबवल्यावर विषाणू पुन्हा दिसू लागला आणि शेअर आणखी आपटला.

पण ही खरेदी पाहून इतरांना घाई झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने त्याच जातीचा रेणू हाताशी असलेली इन्हिबिटेक्स ही आणखी एक छोटी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. बाजारभावापेक्षा १६३ टक्के जास्त देऊन. ऑगस्टमध्ये चाचणीतील एका रुग्णाचे हृदय निकामी झाले, तो दगावला. इतरांनाही रुग्णालयात हलवावे लागले. चाचणी थांबली, औषध संपले आणि ब्रिस्टल-मायर्सने १.८ अब्ज डॉलरवर पाणी सोडले. खरेदीपासून मोजले तर जेमतेम सात महिने!

दोन बागा, एकाच हंगामात, मोहोर पाहून घेतलेल्या. एकीला फळ लागले, दुसरीचा मोहोर करपला. पण इन्हिबिटेक्सच्या भागधारकांना आपले पैसे मिळून चुकले होते, आणि मध्यस्थांनाही. सौदा पुरा झाला की मध्यस्थीचा मोबदला मिळतो, औषध लागू पडो वा न पडो. हे गैर आहे असे मी म्हणत नाही. अडत्याने आंब्याची हमी घ्यावी असे आपणही म्हणत नाही. मात्र एखादा सल्लागार 'ही किंमत योग्य आहे' असे पत्र लिहून देतो तेव्हा आपला मोबदला सौदा होण्यावर अवलंबून आहे हे त्याला माहीत असते. वाचणाऱ्यालाही ते माहीत असावे.

इकडे गिलियडला फळ लागले, आणि कसे! डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुवीरला परवानगी मिळाली. रोज एक गोळी, बारा आठवडे. पुढच्या वर्षी आलेल्या जोडगोळीने तर इंजेक्शनांची गरजच संपवली आणि दहांतील नऊहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होऊ लागले. वैद्यकात असा विजय क्वचित मिळतो. किंमत होती एका गोळीला १००० डॉलर, पूर्ण उपचाराला ८४ हजार डॉलर. २०१४ मध्ये गिलियडने या औषधांची १२.४ अब्ज आणि २०१५ मध्ये १९.१ अब्ज डॉलरची विक्री केली. बागेची किंमत दोन हंगामांत जवळजवळ तिपटीने वसूल झाली.

ही किंमत आली कुठून? बनवण्याच्या खर्चातून नक्कीच नाही. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीतील रॉन वायडेन आणि चार्ल्स ग्रासली या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांनी कंपनीची हजारो पाने कागदपत्रे तपासून डिसेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसते की फार्मासेट स्वतंत्र होती तेव्हा तिच्या हिशेबात पूर्ण उपचाराची किंमत ३६ हजार डॉलर धरलेली होती. ११ अब्ज मोजून कंपनी हातची दुसरीकडे गेली आणि आकडा ८४ हजारांवर पोहोचला. संशोधनाचा खर्च भरून काढायचा म्हणून औषध महाग, असे आपण नेहमी ऐकतो. इथे भरून काढायची होती ती खरेदीची रक्कम, आणि खरेदीची रक्कम ठरली होती पुढे किती महाग विकता येईल या अंदाजावर. साप आपलेच शेपूट तोंडात धरून बसावा तसा हा प्रकार आहे.

त्याचा भार कोणावर पडला तेही त्याच अहवालात आहे. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेने २०१४ मध्ये या औषधावर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला आणि एवढे करून योजनेतील हेपटायटिस सीच्या अंदाजे सात लाख रुग्णांपैकी २.४ टक्क्यांहून कमी लोकांना औषध मिळाले. अनेक राज्यांनी यकृत पुरेसे खराब झाल्याशिवाय औषध देणार नाही, असा नियम केला. बरे करणारी गोळी कपाटात आहे, पण आधी आणखी आजारी पडा, असे सांगण्याची पाळी जगातल्या सर्वांत श्रीमंत देशावर आली.

आणि आता याच गोळीची आपल्याकडची हकीगत पाहा. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सिपला, रॅनबॅक्सी, कॅडिला, हेटेरो वगैरे सात कंपन्यांना हे औषध बनवून ९१ देशांत विकण्याचा परवाना दिला. हे केवळ औदार्य नव्हते. भारतात पेटंटवरून वाद सुरूच होता, आणि ५२ लाख रुपये मोजणारे रुग्ण इथे मिळणार नव्हते हे कंपनीला कळत होते. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोने आपली आवृत्ती आणली तेव्हा २८ गोळ्यांच्या बाटलीची छापील किंमत होती १९,९०० रुपये. तीन बाटल्यांचे साठ हजार. पुढे स्पर्धेने भाव आणखी खाली आले. पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले, आणि २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ही औषधे मोफत मिळू लागली. रेणू तोच, गुण तोच.

अमेरिकेतही शेवटी किमती उतरल्या. प्रतिस्पर्धी औषधे आली, आणि शिवाय रुग्ण बरे झाले! गिलियडची या औषधांची विक्री २०१८ पर्यंत ३.७ अब्ज डॉलरवर आली. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्स या बड्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या विश्लेषकांनी आपल्या ग्राहकांसाठी काढलेल्या टिपणात प्रश्न केला, की रुग्णांना कायमचे बरे करणे हा टिकाऊ धंदा आहे का? उदाहरण म्हणून याच औषधाचे नाव होते. लोक संतापले. मला मात्र ते टिपण प्रामाणिक वाटते. गिऱ्हाईक पुन्हा येणार की नाही हे दुकानदाराच्या मनात येतेच, त्यांनी ते लिहून काढले.

आता आपल्या घरात डोकावू. भारतात या बाजाराचा पहिला मोठा जल्लोष झाला तो मार्च २००४ मध्ये, बायोकॉनच्या वेळी. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बेंगळुरूत दहा हजार रुपयांवर सुरू केलेल्या या कंपनीने ३१५ रुपयांना शेअर विकला आणि मागणी तीसपटीहून अधिक आली. पण बायोकॉनकडे तेव्हा विकायला माल होता, नफा होता. केवळ मोहोरावर बाग विकत घेणारा गुंतवणूकदार आपल्याकडे अजून फारसा नाही, आणि यात आपले भले आहे की नुकसान, हे मला ठरवता आलेले नाही. तो नसल्यामुळे सामान्य माणसाचे पैसे वाचतात. पण तो नसल्यामुळेच नवा रेणू शोधू पाहणाऱ्याला दहा वर्षे धीर धरणारे भांडवल मिळत नाही.

आपल्याकडे अडत्यांना काम मिळाले ते मुख्यतः लागत्या बागा परदेशी कंपन्यांना विकण्याचे. २००८ मध्ये रॅनबॅक्सी जपानच्या दाइची सान्क्योकडे गेली, शेअरला ७३७ रुपये देऊन. काही महिन्यांतच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या दोन कारखान्यांतील तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. २०१३ मध्ये तिथे गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरावे लागले. विकणाऱ्यांनी माहिती दडवली, असा निवाडा सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दिला. इतके वकील, हिशेबनीस आणि बँकर कागदपत्रे तपासतात, तरी हे निसटते ते कसे? एवढा एकच प्रश्न विचारून पुढे जातो. २००९ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची पाळी आली. हेपटायटिस बीची लस स्वस्तात बनवून दाखवणारी ही कंपनी फ्रान्सच्या सनोफीकडे गेली.

मला सर्वांत बोलकी वाटते ती आपल्या मुंबईची गोष्ट. मघाशी मुलुंडच्या हेक्स्टच्या संशोधन केंद्राचा उल्लेख केला. ते १९९८ मध्ये निकोलस पिरामलने घेतले. एक भारतीय कंपनी परदेशी कंपनीची प्रयोगशाळा घेऊन नवे रेणू शोधणार, याचे तेव्हा केवढे कौतुक झाले! २०१० मध्ये पिरामलने आपला देशातील औषधांचा व्यवसाय अमेरिकेच्या ॲबटला विकला. ३५० च्या आसपास ब्रँड आणि हजारो विक्री प्रतिनिधी, किंमत ३.७२ अब्ज डॉलर, म्हणजे वार्षिक विक्रीच्या आठ-नऊपट. इतका भाव आला तर कोण नाही म्हणेल? सौदा म्हणून तो उत्तमच होता. पण त्यानंतर समूहाचा मोठा पैसा गेला तो कर्जव्यवसायात. व्होडाफोनच्या शेअरमध्ये काही काळ राहिला, मग गृहकर्जे, मग २०२१ मध्ये दिवाळखोरीत निघालेली डीएचएफएल. नवे रेणू शोधण्याचे काम २०१४ मध्ये आवरते घेण्यात आले. दुसऱ्यांसाठी औषधे बनवण्याचा समूहाचा व्यवसाय चालू आहे, चांगला चालू आहे. पण नव्या औषधासाठी पंधरा-पंधरा वर्षे बसणारी माणसे त्या निमित्ताने पांगली. अशी विक्री एकामागून एक होऊ लागल्यावर २०११ मध्ये केंद्र सरकारने चालू औषध कंपन्या परदेशी हाती जाण्यापूर्वी मंजुरी घ्यावी, असा नियम आणला. २०१६ मध्ये ७४ टक्क्यांपर्यंतच्या खरेदीसाठी तो पुन्हा सैल झाला.

या सगळ्यापासून दूर राहून वाढलेली एक कंपनी आपल्या पुण्यातच आहे. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली सीरम इन्स्टिट्यूट. कोविडच्या काळात परवानगी मिळण्यापूर्वीच तिने कोविशिल्डच्या मात्रा भरायला घेतल्या, तेव्हाही ती शेअर बाजारात नोंदलेली नव्हती. दर तीन महिन्यांनी भागधारकांना तोंड द्यायचे असते तर ते धाडस झाले असते का? कदाचित झालेही असते, कारण २०२० चा बाजार कशालाही तयार होता. फेब्रुवारी २०२१ ते मे २०२२ या काळात अमेरिकेतील जैवतंत्रज्ञान शेअरांचा एक प्रमुख फंड साठ टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा मोहोर पाहून पैसे लावणाऱ्यांना पाऊस कसा असतो ते कळले.

आणि एक नवी बाग. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून नेक्सकार-१९ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरचा उपचार तयार झाला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांच्यात बदल करून परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत अशाच किम्रिया या उपचाराची किंमत २०१७ मध्ये ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली होती. आपला उपचार त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतो. दहावा हिस्सा झाला तरी तो तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो, हे विसरून चालणार नाही. यासाठी निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीत हैदराबादच्या लॉरस लॅब्सने २०२१ मध्ये भांडवल घातले. फार्मासेटच्या वाटेवरून ही कंपनी जाऊ शकते, आणि वेगळी वाटही धरू शकते. पहिली मंजुरी मिळेपर्यंत तरी ती मोठ्या परदेशी कंपनीला विकली गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. औषध कंपनीच्या भागविक्रीचा अर्ज तुमच्या हाती पडला तर माहितीपत्रकात 'भागविक्रीची उद्दिष्टे' हे प्रकरण तेवढे काढून वाचा. २०२३ मध्ये मॅनकाइंड फार्माने ४,३२६ कोटींची भागविक्री केली. त्यातला एकही रुपया कंपनीत येणार नव्हता, सर्व रक्कम शेअर विकणाऱ्या जुन्या मालकांची आणि गुंतवणूकदारांची होती. पुण्याच्या एमक्युअरने जुलै २०२४ मध्ये १,९५२ कोटी उभारले, त्यात नवे शेअर ८०० कोटींचे होते, बाकीचे जुने मालक आणि गुंतवणूकदार विकत होते. दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत आणि माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. फक्त ती पाने दलाल आपल्याला उघडून दाखवत नाही.